चेक-इन केलेल्या बॅगेतून चांदीच्या वस्तू चोरीस गेल्या : तक्रार कोल्हापुरात करावी की दुबईत?

पंचगंगाकाठ (प्रश्नकर्ता)

नमस्कार. माझ्या आईवडिलांच्या बाबतीत घडलेला प्रकार सविस्तर मांडतो आहे. विमान कंपनीची दोन ठिकाणची कार्यालये आम्हाला एकमेकांकडे पाठवत आहेत, त्यामुळे कायद्याची किंवा विमानतळावरील कामकाजाची माहिती असलेल्यांचे मत हवे आहे.

माझी बहीण दुबईत राहते. तिच्या मुलीच्या बारशासाठी आईबाबा कोल्हापूरहून बेंगळुरूमार्गे दुबईला गेले. तिकीट जाण्यायेण्याचे आणि एकच होते. सामान उजळाईवाडीला, म्हणजे कोल्हापूर विमानतळावर, दिले तेव्हा त्यावर थेट दुबईचे टॅग लावले गेले, त्यामुळे बेंगळुरूत बॅगा त्यांच्या हाती आल्याच नाहीत. मोठ्या बॅगेत साड्यांच्या घड्यांमध्ये गुजरीतून (कोल्हापूरच्या सराफ बाजारातून) घेतलेले बाळाचे चांदीचे वाळे, करगोटा आणि वाटी-चमचा, बहिणीसाठी हुपरीचे पैंजण आणि बाबांचे एक जुने पण चांगले घड्याळ होते. दुबईला बॅग पट्ट्यावर आली तेव्हा चेन नीट लावलेली होती. छोटे कुलूप मात्र नव्हते. रात्रीची वेळ, लहान मूल घरी, त्यामुळे कुलूप वाटेत तुटून पडले असावे असे समजून सगळे घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बॅग उघडली तेव्हा गुजरीतल्या डब्या जागच्या जागी होत्या, पण रिकाम्या. कांदा-लसूण मसाल्याच्या पुड्या, गुळाची ढेप, बहिणीच्या सासऱ्यांसाठी नेलेल्या चपला, कशालाही हात लागलेला नव्हता. डब्या पुन्हा बंद करून ठेवल्या होत्या, यावरून हे काम करणाऱ्याला फारशी घाई नसावी.

बहिणीने त्याच दिवशी दुबईतील कार्यालयाशी संपर्क साधला. तेथे सांगण्यात आले की प्रवासी सामान घेऊन विमानतळाबाहेर पडले असल्याने आता तक्रार घेता येणार नाही आणि मौल्यवान वस्तू चेक-इन सामानात ठेवू नयेत अशी अट असल्याने कंपनीची जबाबदारीही नाही. मी येथे विमानतळावरील काउंटरवर गेलो, तर ‘सामान जेथे उतरले तेथेच तक्रार करावी लागते’ असे उत्तर मिळाले. पोलीस ठाण्यात विचारले, तर गुन्हा नेमका कोठे घडला ते आधी सांगा, असा प्रश्न आला. त्याचे उत्तर माझ्याकडे असते तर मी ठाण्यात गेलोच नसतो.

आमच्याकडे गुजरीतील पेढीचे जीएसटीसह बिल आहे, त्यावर प्रत्येक वस्तूचे वजन आणि घडणावळ लिहिलेली आहे. बोर्डिंग पास, सामानाच्या टॅगचे तुकडे आणि रिकाम्या डब्यांची छायाचित्रेही आहेत. चांदी आणि घड्याळ मिळून नुकसान साठ हजारांच्या घरात जाते. सामान मिळून अजून आठवडा झालेला नाही. अशा वेळी लेखी तक्रार कोणाकडे करावी, कोल्हापुरात गुन्हा नोंदवता येतो का, आणि कंपनीने हात झटकले तर येथील ग्राहक आयोगाकडे जाता येईल का, याबद्दल कृपया मार्गदर्शन करावे.

शाहूपुरी

घडले ते वाईटच आहे. तरीही स्पष्ट लिहितो : चांदी, रोकड आणि कागदपत्रे हातातल्या बॅगेतच ठेवावीत असे प्रत्येक कंपनी तिकिटावर लिहिते, त्यामुळे कंपनी एक रुपयाही देणार नाही. साठ हजारांसाठी वर्ष-दोन वर्षे खेटे घालण्यापेक्षा प्रवास विमा असल्यास तिकडे दावा करा आणि विषय संपवा.

पंचगंगाकाठ

विमा होता आणि कागदपत्रे वाचूनही झाली. त्यात चेक-इन केलेली संपूर्ण बॅग हरवली तरच भरपाई आहे, बॅगेतील काही वस्तू गेल्यास नाही. हातातल्या बॅगेबद्दल सांगायचे तर कोल्हापूरहून निघणारे विमान लहान होते, वरचे कप्पे अरुंद, आणि बऱ्याच प्रवाशांच्या हातातल्या बॅगा विमानाच्या शिडीपाशीच काढून घेऊन खाली ठेवल्या गेल्या. त्यात बाबांचीही होती. म्हणजे वस्तू त्या बॅगेत असत्या तरी त्या खालीच गेल्या असत्या.

खासबाग

मी वकिली करतो. या प्रकारची मोजकी प्रकरणे हाताळली आहेत, त्या आधारे लिहितो. शाहूपुरी यांचे मत बरेच लोक धरून बसतात आणि कंपन्यांना ते सोयीचे पडते, म्हणून थोडे विस्ताराने लिहावे लागेल.

प्रवास कोल्हापूर ते दुबई असा एकाच तिकिटावर झाला आहे. त्यामुळे कोल्हापूर-बेंगळुरू हा टप्पा देशातला असला तरी कायद्याच्या दृष्टीने तो आंतरराष्ट्रीय प्रवासाचाच भाग ठरतो. अशा प्रवासाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. भारत २००९ मध्ये त्यात सामील झाला आणि तो आपल्याकडे कॅरेज बाय एअर ॲक्ट, १९७२ च्या तिसऱ्या अनुसूचीत आहे. संयुक्त अरब अमिरातीही या कराराचा पक्ष आहे. कराराच्या सतराव्या अनुच्छेदानुसार चेक-इन केलेले सामान वाहकाच्या, म्हणजे विमान कंपनीच्या, ताब्यात असताना नष्ट झाले, हरवले किंवा त्याचे नुकसान झाले तर वाहक जबाबदार असतो. यात चोर कोण होता, तो कंपनीचा नोकर होता की कंत्राटदाराचा, चोरी बेंगळुरूला झाली की दुबईला, यातले काहीही प्रवाशाने सिद्ध करायचे नसते. सामान ताब्यात देताना वस्तू आत होत्या आणि परत मिळाले तेव्हा नव्हत्या, एवढे पटवून दिले की पुरे. आपण पोलीस ठाण्यातील प्रश्नात अडकला आहात. भरपाईच्या दाव्यात तो प्रश्न उद्भवतच नाही.

आता सर्वांत तातडीची गोष्ट. कराराच्या एकतिसाव्या अनुच्छेदानुसार नुकसान लक्षात येताच, आणि उशिरात उशिरा सामान मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत, वाहकाकडे लेखी तक्रार गेली पाहिजे. ती गेली नाही तर वाहकाने लबाडी केली असल्याचा अपवाद वगळता दावाच टिकत नाही. विमानतळाबाहेर पडल्यावर तक्रार घेता येत नाही, हे दुबईतील उत्तर म्हणूनच चुकीचे आहे. पट्ट्यावरून बॅग उचलताना काहीच तक्रार केली नाही तर ती सुस्थितीत मिळाली असे प्रथमदर्शनी गृहीत धरले जाते, हे खरे. पण ते गृहीतक पुराव्याने खोडून काढता येते. विमानतळावरच पीआयआर, म्हणजे सामानाविषयीचा तक्रार अहवाल, करून घेतला असता तर आपले काम सोपे झाले असते. तो नसला तरी हक्क जात नाही.

बॅग पूर्ण हरवली नाही, फक्त आतल्या काही वस्तू गेल्या, तेव्हा याला नुकसान म्हणायचे की हरवणे, हा वाद जुना आहे. १९८० मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे नेमके असेच प्रकरण आले होते. रिमिनीहून ल्यूटनला परतलेल्या एका प्रवाशाची सुटकेस फाटलेली होती. तिच्या फाटण्याची तक्रार त्याने लगेच केली होती, पण आतला शर्ट, कार्डिगन आणि सँडल गेल्याचे नंतर लक्षात आले. मॉन्ट्रियलच्या आधीच्या वॉर्सा करारातील ‘नुकसान’ यात काही वस्तू जाणेही येते आणि म्हणून त्याचीही तक्रार सात दिवसांत व्हायला हवी होती, असा निर्णय झाला. प्रवासी हरला, तो केवळ मुदतीमुळे. म्हणून हे प्रकरण ‘हरवण्याचे’ आहे, त्याला सात दिवसांची मुदत नाही, अशा युक्तिवादावर विसंबून राहू नका. आजच ईमेल करा आणि उद्या स्पीड पोस्टानेही पाठवा. ईमेलमध्ये तिकीट क्रमांक, टॅग क्रमांक, सामान दिल्याची व मिळाल्याची तारीख, गेलेल्या प्रत्येक वस्तूचे नाव, वजन व किंमत लिहा आणि बिले जोडा. भाषा सौम्य ठेवा, पण ‘ही मॉन्ट्रियल कराराच्या एकतिसाव्या अनुच्छेदाखालील लेखी तक्रार आहे’ हे वाक्य अवश्य घाला. दोन वेगळ्या कंपन्यांनी मिळून हा प्रवास घडवला असेल तर दोघींनाही पाठवा; सामानाच्या बाबतीत पहिला वाहक, शेवटचा वाहक आणि ज्याच्या टप्प्यात नुकसान झाले तो वाहक यांची जबाबदारी संयुक्त आणि वैयक्तिक अशी दोन्ही असते.

मौल्यवान वस्तूंच्या अटीबद्दल. करारातील जबाबदारीतून वाहकाला मोकळे करणारी किंवा भरपाईची मर्यादा खाली आणणारी अट सव्विसाव्या अनुच्छेदाने निरर्थक ठरते. मात्र विसाव्या अनुच्छेदात प्रवाशाच्या निष्काळजीपणामुळे भरपाई कमी करण्याची किंवा नाकारण्याची मुभा आहे, आणि कंपनी तिचा आधार नक्की घेईल. तेव्हा लहान विमानात हातातल्या बॅगाही खाली घेतल्या गेल्या, ही आपण वर दिलेली माहिती तक्रारीत लिहा. ती कंपनीच्या युक्तिवादाला मोठा छेद देते.

भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून प्रत्येक प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक असून त्याचा दर रोज बदलतो. रुपयांत ही मर्यादा दीड लाखाच्या बरीच वर जाते, म्हणजे आपले नुकसान तिच्या आत बसते. हाच प्रवास कोल्हापूर ते बेंगळुरू एवढाच असता तर देशांतर्गत नियमांची प्रति प्रवासी २०,००० रुपयांची मर्यादा आडवी आली असती.

ग्राहक आयोगाबद्दल थोडक्यात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगात तक्रार करता येते, तेव्हा कोल्हापूरचा आयोग चालेल. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही. दावा कोठे चालतो हे ठरवणाऱ्या मॉन्ट्रियल कराराच्या तेहतिसाव्या अनुच्छेदावर बोट ठेवून येथे दावा चालत नाही असे कंपनी म्हणेल, पण त्यानुसार अंतिम गंतव्य स्थानीही दावा चालतो, जाण्यायेण्याच्या तिकिटात अंतिम गंतव्य स्थान म्हणजे निघालेले ठिकाणच मानले जाते, आणि ते कोल्हापूर आहे. ग्राहक आयोगांना अशा करारांखालील दावे ऐकण्याचा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एका विमान मालवाहतुकीच्या प्रकरणात मान्य केले आहे. मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारदार म्हणून आईबाबांची नावे असावीत, आपले नको. तिकीट त्यांचे आहे.

उजळाईवाडी

मी विमानतळांवरील सामान हाताळणीच्या कामात बरीच वर्षे होतो, आता निवृत्त आहे. वकील साहेबांनी कायदा सांगितला. मी पुराव्याच्या बाजूने लिहितो.

आपल्या बॅगेचे कुलूप दोन चेनमध्ये अडकवलेले असणार. अशा कुलपाचा उपयोग फारसा नाही. साध्या बॉलपेनचे टोक चेनच्या दातांत खुपसले की चेन उघडते, हात आत जातो, आणि नंतर चेनचे लगाम त्या फटीवरून पुढेमागे ओढले की दात पुन्हा बसतात. बाहेरून काही कळत नाही. कुलूप तोडले गेले याचा अर्थ त्या माणसाला बॅग पूर्ण उघडायची होती आणि तेवढा वेळ त्याच्यापाशी होता. असा वेळ साधारणतः विमानाच्या पोटातच मिळतो. लहान आणि मध्यम विमानांत बॅगा पेटीत न भरता सुट्या रचतात, आत एक-दोन लोडर गुडघ्यावर बसून काम करतात आणि तेथे बहुतेक वेळा कॅमेरा नसतो. पट्ट्यांवर आणि छाननीच्या जागी कॅमेरे असतात, त्यामुळे तेथे हे धाडस सहसा कोणी करत नाही. सगळे लोडर चोर असतात असा मात्र याचा अर्थ नव्हे. उन्हापावसात तुटपुंज्या पगारावर राबणारी ती माणसे आहेत आणि एकाच्या हातचलाखीमुळे सगळी पाळी चौकशीत अडकते, हे मी पाहिले आहे.

आता उपयोगाची गोष्ट. प्रत्येक टॅगवर दहा आकडी क्रमांक असतो. जून २०१८ पासून ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या संघटनेचा ७५३ क्रमांकाचा ठराव लागू आहे. त्यानुसार सदस्य कंपन्यांनी बॅगेची नोंद चार ठिकाणी ठेवणे अपेक्षित आहे : प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, एका विमानातून दुसऱ्या विमानाकडे सोपवताना आणि प्रवाशाला परत देताना. तक्रारीत या चारही नोंदी वेळेसह मागा. बेंगळुरूला बॅग किती तास पडून होती हे त्यावरून कळते. कंपनीने नोंदी दिल्या नाहीत, तर आयोगापुढे तेही आपल्या बाजूचे ठरेल.

दुसरे, वजन. कोल्हापूरला सामान देताना मोजलेले वजन कंपनीच्या संगणकात असते, अनेकदा टॅगच्या तुकड्यावरही छापलेले असते. ते तपासा. दुबईला पट्ट्यावरून उचलल्यावर तेथल्याच काट्यावर पुन्हा वजन करून घेतले असते तर उत्तम होते, पण ती वेळ निघून गेली. तरी बहिणीने बॅग रिकामी केली नसेल तर आहे तशी बंद करून ठेवावी.

शिडीपाशी घेतल्या जाणाऱ्या बॅगांविषयी एक सूचना. तेथे वजन होत नाही आणि कधी कधी हाताने लिहिलेला टॅग लावतात. तो टॅग लावून कर्मचाऱ्याने बॅग घेतली की ती चेक-इन सामानासारखीच कंपनीच्या ताब्यात जाते, पण पुरावा मात्र कच्चा राहतो. म्हणून हातातल्या बॅगेत मौल्यवान वस्तूंची एक छोटी पिशवी वेगळीच ठेवावी आणि बॅग देण्याआधी ती काढून घ्यावी.

गंगावेस

पोलिसांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमानुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती, तो कोणत्याही हद्दीत घडला असला तरी, ठाण्याला घ्यावी लागते. ती शून्य क्रमांकाने नोंदवून संबंधित ठाण्याकडे वर्ग करतात. वाहतुकीच्या साधनातून माल चोरणे हा भारतीय न्याय संहितेच्या ३०५ व्या कलमाखालील गुन्हा आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ‘हद्द माहीत नाही’ हे अर्ज नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही.

खासबाग

गंगावेस यांच्याशी सहमत आहे, पण क्रम बदलू नये. गुन्हा नोंदवून होईपर्यंत कंपनीकडची तक्रार थांबवून ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. ठाण्याच्या चकरांत त्यांचे सात दिवस उलटले. आधी कंपनीला ईमेल, मग ठाणे. शिवाय कंपनी ‘आधी एफआयआरची प्रत आणा’ असे म्हणू शकते. करारात अशी कोणतीही पूर्वअट नाही.

पंचगंगाकाठ

सर्वांचे आभार. बाबांच्या नावाने ईमेल पाठवला आहे आणि त्याची पोच म्हणून तक्रार क्रमांक आला आहे. स्पीड पोस्टाचे पत्र मुख्य टपाल कार्यालयातून आजच टाकतो, तेथे पावती लगेच मिळते. टॅगच्या तुकड्यावर खरोखरच वजन छापलेले आहे. बहिणीने सामान काढून ठेवल्याने बॅग मात्र आता आहे तशी राहिलेली नाही.

एक शंका उरते. कंपनीने उत्तरादाखल सदिच्छा म्हणून पुढच्या प्रवासाचे पाच हजारांचे व्हाउचर देऊ केले आहे आणि ते स्वीकारण्यासाठी एका दुव्यावर ‘मान्य’ असे दाबायला सांगितले आहे. ते घेतले तर उरलेल्या रकमेचा दावा करता येईल का?

खासबाग

त्या दुव्यावरील मजकूर आधी पूर्ण वाचा आणि त्याचे छायाचित्र घेऊन ठेवा. ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ या अर्थाचे शब्द असतील तर दाबू नका. नसतील तरीही मी सध्या दाबण्याचा सल्ला देणार नाही. ईमेलनेच उत्तर द्या की व्हाउचर अंशतः भरपाई म्हणून, उर्वरित हक्क राखून देत असाल तर स्वीकारू, आणि त्यावर त्यांचे लेखी उत्तर मागा. त्याच ईमेलमध्ये उजळाईवाडी यांनी सांगितलेल्या चार नोंदी मागा आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत द्या. दरम्यान नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवून ठेवता येईल. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर कायदेशीर नोटीस पाठवू. तिचा मसुदा मी येथेच टाकतो, म्हणजे इतरांनाही वापरता येईल.